दोन गट, एक जखमी

समाज अनेक भाषांचा, अनेक धर्मांचा आणि अनेक जातींचा असला, की त्यात वर्तमानपत्र काढणाऱ्या माणसाला कायद्याचं आणि नीतीचं रीतसर शिक्षण दिलंच पाहिजे; त्याशिवाय त्याच्या हाती शाई देणं धोक्याचं आहे. हे माझं मत आजही कायम आहे. फक्त ज्या आठवड्यात ते बनलं, त्या आठवड्यात आमच्या कचेरीत असं शिक्षण घेतलेला एकच माणूस होता आणि सगळा घोटाळा त्याच्यापासून सुरू झाला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ सरून वर्ष झालं होतं आणि आणीबाणी यायला अजून अवकाश होता, म्हणजे काय छापू नये हे आमचं आम्हालाच ठरवावं लागत होतं. मी सोलापुरातल्या एका सायंदैनिकात उपसंपादक होतो. शब्द भारदस्त आहे. कचेरीत संपादक एक आणि उपसंपादक एक, त्यामुळे बातम्या आणणं, लिहिणं, मुद्रितं तपासणं आणि छत गळायला लागलं की कागदावर ताडपत्री ओढणं, ही सगळी कामं उपसंपादकाची. अंक चार पानी. दुपारी चारला निघे आणि सहापर्यंत शिळा होई.

कचेरी शुक्रवार पेठेतल्या एका बोळात, वरच्या मजल्यावर. खाली छापखाना. तिथं अंकाबरोबर लग्नपत्रिका, हँडबिलं असली कामंही होत. अंकापेक्षा पत्रिका जास्त काळजीनं छापल्या जात, कारण पत्रिका लोक शेवटपर्यंत वाचत. छापखाना सांभाळायला एक वयस्कर फोरमन होते. घरात तेलुगू, सगळे भाऊ हातमागावर. हे एकटेच सुताऐवजी छपाईच्या खिळ्यांकडे आले. मराठी त्यांनी उलट्या अक्षरांवरून शिकली होती. म्हणूनच असेल, मजकुराची मागची बाजू त्यांना आधी दिसे.

संपादक मात्र विद्वान होते. इंग्रजी वाचत, अग्रलेखात "किंबहुना" वापरत आणि पानाचा डबा कायद्याच्या पुस्तकावर ठेवत. त्या महिन्यात ते पुण्याला तीन दिवसांच्या एका शिबिराला जाऊन आले. विषय होता वृत्तपत्रांचा कायदा आणि आचारसंहिता. येताना त्यांनी एक जाड फाईल आणली आणि आल्या दिवशी एका पुठ्ठ्यावर लाल शाईनं नऊ नियम लिहून तो माझ्या टेबलासमोर टांगला. नियम क्रमांक चार असा होता: "भांडणतंट्याच्या बातमीत कोणत्याही गटाचे नाव देऊ नये."

"का हो साहेब?" मी विचारलं.

"का म्हणजे? सामाजिक सलोखा," ते म्हणाले. "तीन दिवस तेच शिकवलं आम्हाला."

पुठ्ठा टांगल्यावर चौथ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, आमच्याच पायरीवर भांडण झालं.

आमच्या बोळाच्या तोंडाशी एका गृहस्थांचं चादरींचं दुकान होतं. घरात कन्नड, दुकानात मराठी, गिऱ्हाईक पाहून हिंदी. ते कोणत्या समाजाचे होते हे मी अजूनही लिहीत नाही; पुठ्ठ्याचा परिणाम. त्यांच्या मुलीचं लग्न माळशिरसकडच्या एका ऊसवाल्या घरात ठरलं होतं. अक्षता पुढच्या सोमवारी, सोलापुरात. पत्रिका आमच्याकडे छापायला होती. तिचं मुद्रित बघायला त्या सकाळी दोघे जण आले: मुलीचे थोरले काका आणि मुलीचे मामा. एकाला बोलावलं असतं तर हा लेख झाला नसता.

निमंत्रकांच्या यादीत काकांचं नाव पहिलं होतं आणि मामांचं दुसरं.

"मामाचं नाव काकाच्या खाली?" मामा म्हणाले. "पोरगी आमच्या भैनीची हाय की."

"पोरगी आमच्या घरातली हाय," काका म्हणाले. "तुमची भैन आमच्या घरात आली. तुमी न्हाय आला."

"न्हाय आलो म्हनूनच अजून मान हाय मला."

"मग तो घरीच ठेवा. पत्रिकेत कशाला आनता?"

मामांनी मुद्रिताचा कागद ओढला, काकांनी दुसरं टोक सोडलं नाही आणि कागद मधोमध फाटला. तो फाटेपर्यंत दोघे पायरीवर आले होते. तिथं ढकलाढकली झाली आणि मामांचं कपाळ दाराच्या कडीला लागलं. जखम अर्ध्या इंचाची. फोरमननी कापसाचा बोळा लावला. समोरच्या हॉटेलातून चहा आला. दोघांनी एकमेकांकडे पाठ करून तो प्यायला. सगळं मिळून पंधरा मिनिटं.

त्या दिवशी पहिल्या पानाला बातमी नव्हती. मी उत्साहानं सहा ओळी लिहिल्या: नावाच्या क्रमावरून काका-मामांत कशी जुंपली, पत्रिकेचे दोन तुकडे कसे झाले, वगैरे. नावं अर्थात गाळली होती. घरगुती भांडणात माणसाचं नाव घालू नये, एवढं मलाही शिबिराला न जाता कळत होतं. संपादकांनी मजकूर वाचला, मान वर करून पुठ्ठा वाचला आणि लेखणी उचलली.

"काका आणि मामा हे काय आहेत?" त्यांनी विचारलं.

"नातेवाईक."

"गट आहेत. पितृपक्ष आणि मातृपक्ष. नियम चार."

त्यांनी दुरुस्त केलेली बातमी माझ्याकडे अजून आहे. ती अशी: "शुक्रवार पेठेत दोन गटांत झटापट. एक जखमी. आज सकाळी शुक्रवार पेठेत दोन गटांत किरकोळ कारणावरून बाचाबाची होऊन तिचे पर्यवसान झटापटीत झाले. त्यात एक इसम जखमी झाला. दोन्ही गटांची नावे देणे सामाजिक सलोख्याच्या दृष्टीने इष्ट नाही."

यात एकही शब्द खोटा नव्हता. एवढी निर्दोष बातमी आम्ही त्याआधी कधी छापली नव्हती.

यात माझाही वाटा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. तीन वाजता फोरमननी खालून हाक मारली.

"एक वळ कमी पडतीय. कायतरी द्या की."

"काय देऊ?"

"काय पन द्या. खाली जागा मोकळी दिसतीय."

मी जिन्यावरूनच सांगितलं, "परिस्थिती नियंत्रणात आहे."

फोरमननी खिळे जुळवायला घेतले आणि थांबले. "हाय का?"

"दोघं चहा पिऊन गेले ना?"

"मग बराबर हाय," ते म्हणाले आणि ओळ भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे अंक वाटणारे एजंट आले. बेगम पेठेत राहायचे. सायकलीवरून उतरायच्या आत त्यांनी विचारलं, "क्या छापे जी कल? सब पूछरे, किसकू लगा बोलके. हमारे उधर बोलरे, अपना च आदमी हय."

फोरमन खिळ्यांच्या कप्प्यांपाशी होते. ते म्हणाले, "तुमचा कुटला? आमच्याकडं सांगतेत आमचा मानूस हाय. नाव पन सांगितलं. म्या गेलो बघाया. तो बसलावता जेवत. तरी बायकोनं दोनदा डोकं बघितलं त्याचं."

सायंकाळच्या चार पानी अंकात दोन गट म्हटलं, की सोलापुरात कुणी काका आणि मामा समजत नसे. अशा बातमीत गटांची नावं का नसतात हे वाचकाला चांगलं ठाऊक होतं. नाव नाही म्हणजे नाव सांगण्यासारखं नाही, म्हणजे तेच. मग ज्याला जो दुसरा वाटतो, त्याला तो मारणारा ठरवायचा आणि जखमी आपला धरायचा. आमचा जखमी एक होता. शहरातल्या चार भाषांनी रातोरात तो आपापसांत वाटून घेतला.

अकराच्या सुमाराला चादरीवाले गृहस्थ जिना चढून आले. एरवी शांत माणूस. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"साहेब, माळशिरसवरनं ट्रंक कॉल आला दुकानात. व्याही म्हनतेत, तुमच्या गावात दंगल चाललीय, आमी बायकापोरं घिऊन येत न्हाय. म्हनतेत, लग्न आमच्या दारात करा, न्हायतर दिवाळीनंतर बघू."

"अहो, पण दंगल कुठं आहे?" संपादक म्हणाले.

"तेच सांगितलं मी. तर म्हनतेत, पेपरात आलंय. काल रातच्या पावणेदहाच्या एष्टीनं कोन तरी घिऊन गेलं तुमचा पेपर." त्यांनी मांडवाकडे हात केल्यासारखा खिडकीबाहेर हात केला. "मांडव बोलून झालाय. आचारी करमाळ्याचा, त्याला सांगून झालंय. माजी आई ब्याऐंशी वर्साची हाय, तिला गाडीत घालून माळशिरसला कशी नेऊ? आन दिवाळीनंतर म्हंजी न्हाय असंच असतं साहेब. मला कळतंय ते."

आम्हालाही कळलं. संपादक खरोखर अस्वस्थ झाले. ते वाईट माणूस नव्हते. फक्त शिकून आले होते. त्यांनी ताबडतोब कागद ओढला. "आजच खुलासा छापतो," ते म्हणाले. त्या दुपारी पहिल्या पानावर चौकटीत, मोठ्या टाइपात छापलं गेलं: "शहरात सर्वत्र शांतता. नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये."

साडेपाचपर्यंत बाजारातली निम्मी दुकानं अर्ध्या शटरवर आली. सहाला आमच्या पेठेतल्या दुकानातलं रॉकेल संपलं. मी घरी जाताना ऐकलं, एक बाई कुणालातरी सांगत होती, "शांतता छापलंय म्हंजी बगा आता."

गुरुवारी सकाळी फौजदार स्वतः आले. नम्र गृहस्थ. टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, "दंगल कुठं झाली ते जरा सांगितलंत तर बरं होईल. वरून विचारतायत. बंदोबस्त कुठं लावायचा ते आम्हाला कळेना."

"दंगल झालीच नाही," संपादक म्हणाले.

"हां, ते छापलंय तुम्ही. म्हणूनच आलो."

ते गेल्यावर आमच्या बोळाच्या तोंडाशी दोन शिपाई उभे राहिले. ज्यांना अजून शंका होती त्यांची ती फिटली. शिपाई नेमके चादरीच्या दुकानासमोर उभे होते, कारण तिथं सावली होती.

दुपारी व्याह्यांचा दुसरा कॉल आला. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत काय ते सांगा, नाहीतर आम्ही आमच्याकडे तयारीला लागतो. चादरीवाले पुन्हा वर आले. या वेळी बसले.

"कालचं जे लिवलंत ते परत घ्या," ते म्हणाले.

"शांतता परत कशी घेणार?" संपादक म्हणाले.

खालून फोरमन हात पुसत आले होते. ते दारातच उभे राहिले. "एक सांगू का साहेब? कोन भांडलं, कशावरनं भांडलं, तेवढं लिवा की. लोक हसतील आन दुकानं उघडतील."

"नियम चार," संपादक म्हणाले. पण आवाज पहिल्यासारखा नव्हता.

मी फाईल मागितली. शिबिरातून आणलेली ती जाड फाईल तोवर कुणी उघडली नव्हती. संपादकांनी नियम तिथल्या फळ्यावरून उतरवून घेतले होते. आत चक्रमुद्रित कागद होते. चौथ्या नियमाला दीड पान दिलं होतं. नियम मुळात दोन धर्मांच्या किंवा जातींच्या दंग्यापुरता होता, आणि त्याखाली कारण दिलं होतं: चार माणसांच्या कृत्याचा ठपका सगळ्या समाजावर येऊ नये आणि वाचकाच्या मनात भलता संशय पेरला जाऊ नये. पुढं असंही होतं, की वाद खाजगी असेल तर तो खाजगी आहे हे स्पष्ट लिहावं. मी मोठ्यानं वाचून दाखवलं.

"हे पुठ्ठ्यावर का नाही?" मी विचारलं.

"पुठ्ठा लहान होता," संपादक म्हणाले.

मला वाटतं, वृत्तपत्राच्या नीतीचं शिक्षण म्हणजे मुख्यतः हे दीड पान. नियम कुणीही पाठ करतो, आणि पाठ केलेला नियम पाळणाऱ्या माणसाइतकं निश्चिंत कुणी नसतं. पण आपला अंक बेगम पेठेत कसा वाचला जातो, मागावर कसा वाचला जातो, अक्कलकोटच्या गाडीत कन्नडमधून मोठ्यानं कसा सांगितला जातो, हे कळल्याशिवाय तो नियम कुणाला वाचवतो आणि कुणाला बुडवतो ते कळत नाही. त्या शिबिरात ते कदाचित शिकवलंही असेल. तिसऱ्या दिवशी संपादक दुपारची गाडी पकडून लवकर निघाले होते.

तर लिहायचं ठरलं. पण नुसतं "काका आणि मामा" लिहून भागेना. दोन दिवसांत आमच्या शब्दाची पत इतकी उतरली होती, की नावाशिवाय काहीही छापलं असतं तरी लोकांनी ते झाकपाक समजलं असतं. चादरीवाले स्वतःच म्हणाले, "नावं घाला."

मी म्हटलं, "अहो, तुमच्या घरातली माणसं आहेत. त्यांना विचारायला हवं."

"थोरल्या भावाला विचारलं तर तो न्हाय म्हनंल. मेव्हन्याला विचारलं तर तो लग्नाला येनार न्हाय. पोरीला मांडवात मामानं आनायचं असतं. दुसरा मामा न्हाय तिला." त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. "तरी घाला. ते दोघं रुसले तर घरात रुसतील. लग्न मोडलं तर मी पोरीला काय सांगू? नावाचा वर-खाली झाला म्हनून मोडलं?"

"तरी विचारा," मी म्हणालो. मला माझ्या नीतीचा तेव्हा बराच अभिमान होता.

ते गेले आणि तासाभरानं परत आले. थोरल्या भावांनी सांगितलं होतं, काय छापायचं ते छापा, मी भीत नाही. मामा घरी नव्हते. अक्कलकोट रोडला कुणाकडे तरी गेले होते, संध्याकाळी येणार. अंक चारला निघायचा होता.

संपादकांनी माझ्याकडे पाहिलं, मी पुठ्ठ्याकडे पाहिलं. नवांपैकी एकही नियम याला लागू नव्हता. शेवटी चादरीवाले म्हणाले, "माज्या जबाबदारीवर घाला. लिहून देतो." संपादकांनी लिहून घेतलं नाही. म्हणाले, "जबाबदारी आमची. आम्हीच केलंय." त्या आठवड्यातलं त्यांचं हे पहिलं वाक्य होतं जे शिबिरात उतरवून घेतलेलं नव्हतं.

बातमी मी लिहिली. मंगळवारची झटापट कोणत्याही दोन समाजांत नव्हती. ती एकाच घरच्या दोन वडीलधाऱ्यांत, लग्नपत्रिकेतल्या नावांच्या क्रमावरून झाली. जखम अर्ध्या इंचाची होती. दोघांना चहा देण्यात आला. आमच्या आधीच्या दोन्ही बातम्यांनी गैरसमज झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. खाली दोघांची पूर्ण नावं. ती कोणत्या क्रमानं घालायची यावर वर पाच मिनिटं खल झाला. मग फोरमनच म्हणाले, "ज्याला लागलं त्याला पयला मान द्या की," आणि उत्तराची वाट न पाहता खाली गेले.

त्या संध्याकाळी बाजार हसला. फोरमनचं बरोबर होतं. हसताना लोक शटर वर करतात. एजंट म्हणाले, त्यांच्या मोहल्ल्यात लोक नाराज झाले, इतका चांगला जखमी हातचा गेला म्हणून. शुक्रवारी सकाळी माळशिरसहून कॉल आला. व्याह्यांना बातमी कुणीतरी फोनवर वाचून दाखवली होती. ते म्हणाले म्हणे, "एवढंच व्हय? आमच्यात तर बैठकीलाच दोघांची डोकी फुटली हुती. येतो आमी." एक ट्रक आणि एक जीप येणार होती.

राहिले मामा.

ते शुक्रवारी दहाला आले. जिन्यावर पावलं वाजली तशी संपादकांनी पानाचा डबा बाजूला करून कायद्याचं पुस्तक जवळ ओढलं. चादरीवाले आधीपासून येऊन बसले होते. ते उठून उभे राहिले. मामा दारात उभे राहिले. हातात कालचा अंक, चार घड्या केलेला.

"हे कुनी छापलं?" त्यांनी विचारलं.

"मी," संपादक म्हणाले. "मला माफ करा. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं."

मामांनी अंक उघडला. बोटानं ओळ शोधली. बराच वेळ ते ती ओळ बघत होते.

"पयलं माजं हाय," ते म्हणाले.

बोट पुढच्या नावावर सरकलं.

"त्याचं खाली हाय," ते म्हणाले. मग मेव्हण्याकडे वळले. "दाजी, सोमवारी किती वाजता यायचं मी?"

"सकाळी लवकरच या," चादरीवाले म्हणाले, आणि खुर्चीत बसले. मला वाटतं, मंगळवारनंतर ते पहिल्यांदाच पूर्ण बसले होते.

जाताना मामांनी आणखी सहा अंक मागितले. इंडीला दुसऱ्या बहिणीकडे पाठवायचे होते. चारच शिल्लक होते.

सोमवारी अक्षता सोलापुरातच पडल्या, पाऊण तास उशिरा. ट्रक आला, जीप आली, म्हातारी आजी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली आणि मामांनी भाचीचा हात धरून तिला मांडवात आणलं. आम्हा चौघांनाही निमंत्रण होतं. जेवणाच्या पंगतीत थोरले काका संपादकांच्या समोर येऊन उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमी माजं नाव खाली घातलं. आजपासनं तुमचा पेपर आमच्या घरात बंद."

संपादक खाली मान घालून म्हणाले, "आपला अधिकार आहे."

काका पुढं गेल्यावर त्यांनी शेजारी बसलेल्या एजंटना हळूच सांगितलं, की उद्यापासून तिथं अंक टाकू नका.

"उनके घर कू पेपर डालता कौन हय?" एजंट म्हणाले, आणि भात मागितला.